रेडियनविरुद्धची फिर्याद

गणिताच्या अभ्यासक्रमाविषयी चर्चा निघाली की रेडियन या मापाविरुद्ध एक फिर्याद हटकून दाखल होते, आणि ती दाखल करणाऱ्यांत केवळ परीक्षेने गांजलेले विद्यार्थीच असतात असे नाही. वर्षानुवर्षे त्रिकोणमिती शिकविलेले शिक्षक, मुलांच्या वह्या काळजीने चाळणारे पालक आणि प्राचीन भारतीय ज्योतिषाविषयी रास्त अभिमान बाळगणारे अभ्यासक हेही त्या फिर्यादीवर आपली सही करतात. तिचा आशय असा : दहावीपर्यंत मुलगा कोन अंशांत मोजतो, काटकोन ९० अंशांचा आणि समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा ही गोष्ट त्याच्या अंगवळणी पडलेली असते, आणि अकरावीच्या पुस्तकाचे पहिलेच प्रकरण उघडताच त्याला सांगण्यात येते की काटकोन म्हणजे ‘पाय’चा अर्धा, समभुज त्रिकोणाचा कोन म्हणजे ‘पाय’चा तिसरा हिस्सा, आणि एक रेडियन म्हणजे सुमारे ५७ अंश १७ कला ४५ विकला. एकाच वस्तूला दोन मापे कशासाठी, मोजणीदार, नावाडी आणि पंचांगकर्ते ज्यावर आपला सारा व्यवहार चालवितात ते माप पुरेसे का नसावे, आणि आपल्या पूर्वजांची अंश-कला-विकलांची रीत असताना एकोणिसाव्या शतकात विलायतेत नामकरण झालेले माप आपण का पत्करावे, असे तीन प्रश्न विचारून फिर्यादी पक्ष निकालही स्वतःच सुचवितो : रेडियन या पायरीवरून काढून टाकावे, ज्यांना पुढे उच्च गणित करावयाचे असेल ते तेथे ते शिकून घेतील.

या फिर्यादीत जे खरे आहे ते बिनशर्त कबूल केले पाहिजे, आणि तसे ते मी पुढे करणारही आहे. परंतु तिचा मुख्य दावा चुकीचा आहे, आणि तो मान्य झाल्यास त्रिकोणमितीतून कलनशास्त्राकडे जाणारी वाट मुलांसाठी कायमची अंधारी होईल, अशी माझी खात्री असल्यामुळे तिचा कलमवार परामर्श घेणे मला आवश्यक वाटते. माझे म्हणणे एका वाक्यात सांगावयाचे तर, कोनासमोरच्या कंसाची लांबी आणि त्या वर्तुळाची त्रिज्या यांचे जे गुणोत्तर कोनाच्या ठिकाणी जात्याच वसत असते त्या गुणोत्तरालाच आपण रेडियन-माप म्हणतो, आणि म्हणून ते कोणी ठरविलेले नसून सापडलेले आहे.

प्रथम ३६० या संख्येच्या सोयीविषयी. ती सोय निर्विवाद आहे. ३६० ला २४ विभाजक आहेत; वर्तुळाचा निम्मा, तिसरा, चौथा, पाचवा, सहावा, आठवा, नववा, दहावा आणि बारावा हिस्सा पूर्ण अंशांत सांगता येतो, आणि ज्या काळी अपूर्णांकांचा हिशेब हे मोठ्या कष्टाचे काम होते त्या काळी बाबिलोनच्या गणकांची साठाच्या पटीची ही रीत ग्रीसपासून भारतापर्यंत सर्वांनी आनंदाने उचलली यात नवल नाही. परंतु एखादी संख्या वाटणीला सोयीची आहे एवढ्यावरून ती कोनाच्या स्वरूपातून निष्पन्न झाली आहे असे सिद्ध होत नाही. राज्यक्रांतीनंतर फ्रान्समध्ये दशमानाच्या पुरस्कर्त्यांनी वर्तुळाचे ४०० भाग केले, काटकोन शंभर भागांचा ठरविला, त्याप्रमाणे कोष्टके रचली आणि ही वाटणी तिकडच्या भूमापनात दीर्घकाळ टिकलीही. वर्तुळाच्या एकाही गुणधर्मात त्यामुळे फरक पडला नाही. वाटणीचा आकडा माणसाने द्यावयाचा असतो, आणि तो ३६० असो की ४००, वर्तुळ त्याबद्दल काहीच सांगत नाही. त्रिज्येच्या मापाने परिघ मोजला तर मात्र वर्तुळ स्वतःच एक संख्या सांगते, आणि ती ६.२८३२ च्या आसपासची, म्हणजे ‘पाय’ची दुप्पट, असते.

येथे फिर्यादी पक्ष म्हणतो की तीच तर अडचण. काटकोनाचे माप १.५७०७९६ असे न संपणारे येते, आणि असल्या मापाचा कोनमापक कोणी आखावा? अडचण खरी आहे, पण तिचे उत्तरदायित्व रेडियनकडे जात नाही. परिघ आणि त्रिज्या यांचे गुणोत्तर अपरिमेय आहे ही वर्तुळाची स्वतःची प्रकृती असून १७६१ मध्ये लाम्बर्टने ती सिद्धतेने प्रस्थापित केली. अंशांनी ती अपरिमेयता नाहीशी होत नाही, ती केवळ पुढच्या पानावर ढकलली जाते. दहावीच्या महत्त्वमापनाच्या प्रकरणात वर्तुळकंसाची लांबी काढताना कोनाला ३६० ने भागून मग परिघाने गुणावे लागते, आणि पहिल्या पानावर टाळलेला ‘पाय’ तेथे आपली जागा घेतोच. सायकलच्या ज्या चाकाची त्रिज्या ३५ सेंटिमीटर आहे ते एक रेडियन फिरले तर सायकल ३५ सेंटिमीटर पुढे सरकते, दोन रेडियन फिरले तर ७० सेंटिमीटर. कोनाला त्रिज्येने गुणले की काम झाले. हेच चाक एक अंश फिरले तर सायकल किती सरकली हे सांगण्यासाठी आधी ‘पाय’ भागिले १८० ही राशी काढून ठेवावी लागते. वर्तुळपाकळीचे क्षेत्रफळ, फिरत्या चाकावरील बिंदूचा वेग, वर्तुळाकार गतीतील त्वरण, यांच्या प्रत्येक सूत्रात ही राशी पुन्हा पुन्हा भरावी लागते, आणि ती भरताना विद्यार्थ्याला असे वाटू लागते की तिचा त्या चाकाशी काही संबंध असावा. वास्तविक तिचा संबंध केवळ बाबिलोनच्या वाटणीशी असतो.

आता दुसऱ्या कलमाकडे वळतो. फिर्यादी पक्ष म्हणतो की रेडियन आणि अंश यांचे नाते कोस आणि मैल यांच्या नात्यासारखे आहे. दोन्हींनी अंतरच मोजले जाते, एकाचे दुसऱ्यात रूपांतर करण्याचे सूत्र ठाऊक असले की झाले, मग दोन्ही बाळगण्याचा भार मुलांवर का टाकावा? ही तुलना सकृद्दर्शनी पटण्याजोगी आहे आणि बहुतेक वर्गांतून रेडियनचा परिचय याच भूमिकेतून करून दिला जातो, म्हणून तिच्यावर थोडे अधिक थांबले पाहिजे. लांबीला निसर्गाने स्वतःचे एकक दिलेले नाही. कोस घ्या, मैल घ्या, मीटर घ्या, कोठेतरी कोणीतरी एक दांडी किंवा एक अंतर प्रमाण म्हणून ठरविल्याखेरीज मोजणीला आरंभच होत नाही. कोनाची गोष्ट अशी नाही. कोणताही प्रमाणदंड हाती नसलेल्या, आपल्या कोष्टकांशी काहीही परिचय नसलेल्या माणसालासुद्धा ‘त्रिज्येइतका कंस कापणारा कोन’ एवढ्या वर्णनावरून तो कोन अचूक काढता येतो, आणि वर्तुळ लहान असो वा मोठे, कोन तोच येतो. ज्या राशीला स्वतःचे माप आहे तिच्या बाबतीत कोस-मैलांचा दृष्टान्त लागू पडत नाही.

याहून खोल कारण साइनच्या स्वभावात आहे. जोवर साइन ही कोष्टकात पाहावयाची एक संख्या आहे, तोवर कोनाला कोणत्याही नावाने हाक मारली तरी चालते. ३० अंश म्हणा किंवा ‘पाय’चा सहावा हिस्सा म्हणा, समोर ०.५ हेच उत्तर येते. दहावीपर्यंतची त्रिकोणमिती मनोऱ्यांची उंची आणि नदीची रुंदी काढण्यापुरती असल्यामुळे तेथे अंशांनी काहीही बिघडत नाही, आणि दहावीपर्यंत रेडियन आणू नये असे कोणी म्हटले तर त्यास माझा विरोध नाही. परंतु कोन किंचित वाढला तर साइन किती वाढेल असा प्रश्न ज्या क्षणी विचारला जातो त्या क्षणी कोष्टकाची सद्दी संपते. फार लहान कोन घेतला की त्याचा कंस आणि त्याच्या टोकावरून टाकलेला लंब हे जवळजवळ एकरूप होतात, हे आकृतीवरून कोणालाही दिसते. कंस आणि लंब दोन्ही त्रिज्येच्याच मापाने मोजले तर त्यांचे गुणोत्तर एकाकडे जाते, आणि कंस अंशांत मोजला तर ते ०.०१७४५३ या संख्येकडे जाते. पहिल्या पद्धतीत साइनच्या वाढीचा दर म्हणजे कोसाइन, असा स्वच्छ सिद्धान्त मिळतो. दुसऱ्या पद्धतीत तोच दर कोसाइनच्या ०.०१७४५३ पट निघतो, पुन्हा दर काढला की त्याच संख्येचा वर्ग, म्हणजे सुमारे ०.०००३०५, पुढे येऊन उभा राहतो, आणि असे प्रत्येक पायरीवर घडत जाते.

हे प्रत्यक्ष आकड्यांनी पाहावे. साइनची श्रेणी सांगते की कोनातून त्याच्या घनाचा सहावा भाग वजा करावा, पाचव्या घाताचा १२० वा भाग मिळवावा, आणि असेच पुढे जावे. ३० अंशांचे रेडियन-माप ०.५२३५९९, त्यातून घनाचा सहावा भाग वजा केला की ०.४९९६७४ उरतात, आणि पाचव्या घाताचा १२० वा भाग मिळविला की ०.५००००२ होतात. साइन ३० अंश म्हणजे नेमके ०.५, आणि केवळ तीन पदांत आपण दशलक्षांशात दोन इतक्या तफावतीवर येऊन पोचलो. आता त्याच श्रेणीत ३० हा आकडा घालावा. ३० मधून ४,५०० वजा जातात, २,०२,५०० मिळतात, आणि बेरीज १,९८,०३० होते, जेव्हा साइनची किंमत एकाहून अधिक कधीच होऊ शकत नाही. धीर धरून पुढची पदे घेत गेले तर ही श्रेणी अखेरीस उणे ०.९८८ वर स्थिरावते, आणि ते उत्तर पूर्णपणे बरोबर असते. कारण ती श्रेणी ३० रेडियनच्या कोनाची साइन सांगत असते. गणकयंत्र रेडियनच्या स्थितीत ठेवून ३० ची साइन मागणाऱ्या विद्यार्थ्याला पडद्यावर हाच उणे ०.९८८ दिसतो आणि तो यंत्रावर रागावतो. कोनाचे माप म्हणजे केवळ नाव, ही समजूत घेऊन तो आलेला असतो, आणि ती त्याला आपणच दिलेली असते.

भौतिकशास्त्रातील साधा दोलक घ्या. त्याचा आवर्तकाल काढताना लहान कोनाची साइन म्हणजे तो कोनच असे मानले जाते. पाच अंशांचा कोन रेडियनमध्ये ०.०८७२७ आणि त्याची साइन ०.०८७१६, म्हणजे आठशेत सुमारे एकाचा फरक. कोन अंशांत ठेवला तर ५ आणि ०.०८७१६ या दोन संख्या समान मानाव्या लागतील. बारावीचा जो विद्यार्थी ही पायरी डोळे मिटून ओलांडतो त्याला आवर्तकालाच्या सूत्रातील ‘दोन पाय’ कोठून आले हे कधीच कळत नाही, आणि विद्युत्प्रवाह, ध्वनी, प्रकाश, जेथे जेथे आंदोलन आहे तेथे तेथे हा प्रश्न त्याच्या मागे येत राहतो. उच्च गणित करणारे रेडियन पुढे शिकून घेतील असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की ते ‘पुढे’ म्हणजे त्याच वर्षाचा उत्तरार्ध होय. कलनशास्त्राची ओळख अकरावीतच होते.

तिसरे कलम परंपरेच्या अभिमानाचे आहे, आणि त्याचे मला सर्वांत अधिक वाईट वाटते. कारण ज्या परंपरेच्या नावाने रेडियनला परका ठरविले जाते त्या परंपरेचे ग्रंथ याच्या अगदी विरुद्ध साक्ष देतात. रेडियन हे नाव १८७३ मध्ये बेलफास्ट येथील जेम्स टॉमसन यांच्या प्रश्नपत्रिकेत प्रथम छापून आले, आणि त्रिज्येने कोन मोजण्याची कल्पना इंग्लंडात रॉजर कोट्स याने १७१४ च्या सुमारास मांडली होती, एवढे खरे. पण इ. स. ४९९ च्या सुमारास रचलेल्या आर्यभटीयाकडे पाहावे. टॉलेमीने आपल्या कोष्टकासाठी त्रिज्येचे ६० भाग कल्पिले होते, आणि परिघाचे ३६० अंश हे त्या भागांहून वेगळे होते. लांबीचे एक माप, कंसाचे दुसरे. आर्यभटाच्या कोष्टकात असे द्वैत नाही. परिघाच्या २१,६०० कला घेतल्या, परिघ आणि व्यास यांचे ६२,८३२ आणि २०,००० हे गुणोत्तर लावले, की त्रिज्या ३,४३८ कलांची येते. कंस कलांत, त्रिज्या कलांत आणि ज्या, म्हणजे त्रिज्येने गुणलेली साइन, तीही कलांतच. ३,४३८ कलांचे अंश केले की ५७ अंश १८ कला होतात, म्हणजे आजच्या एका रेडियनपेक्षा अवघ्या १५ विकला जास्त. नाव तेव्हा नव्हते, पण वस्तू आर्यभटाच्या हाती होती.

आणि ती नुसती हाती नव्हती, तिचे फळही त्याच कोष्टकात दिसते. त्याच्या २४ ज्या २२५ कलांच्या अंतराने दिलेल्या आहेत, आणि पहिल्याच २२५ कलांच्या कंसाची ज्या २२५ कलाच आहे. पुढची ४४९, मग ६७१, मग ८९०. आठव्या ठिकाणी, म्हणजे ३० अंशांना, १,७१९, त्रिज्येच्या बरोबर निम्मी. लहान कंस आणि त्याची ज्या एकच, हा जो सिद्धान्त आज आपण सीमामूल्याच्या भाषेत शिकवितो, त्याचे दर्शन या कोष्टकाच्या पहिल्या ओळीत होते, आणि ते होण्याचे कारण कंस व त्रिज्या एकाच मापाने मोजलेली आहेत हे होय. ग्रीसच्या हिपार्कसच्या हरवलेल्या कोष्टकातही हीच त्रिज्या असावी असे काही संशोधकांचे मत आहे. ते खरे असले तरी माझ्या मुद्द्याला बाधा येत नाही, उलट तो बळकटच होतो, कारण ज्याने कोणी ज्या आणि कंस यांचा संबंध मनापासून विचारात घेतला तो याच मापापाशी आला, मग तो कोणत्याही देशाचा असो.

भास्कराचार्यांचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. चाळीसगावजवळच्या पाटण येथील जो शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला, त्यात भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ स्थापिल्याची नोंद आहे; त्या मठात जो सिद्धान्तशिरोमणी शिकविला जात असेल तो ११५० चा, आणि त्यात ग्रहाची तात्कालिक गती काढताना भास्कराचार्य सांगतात की त्या क्षणीचे भोग्यखंड, म्हणजे ज्येतील पुढची वाढ, हवी असल्यास कोटिज्येला २२५ ने गुणून त्रिज्येने भागावे. आजच्या भाषेत हे विधान म्हणजे साइनच्या वाढीचा दर कोसाइन होय, आणि त्या विधानात १८० चा किंवा ‘पाय’चा मागमूससुद्धा नाही, कारण २२५ कलांचा कंस आणि ३,४३८ कलांची त्रिज्या यांच्यामध्ये रूपांतराला जागाच उरलेली नाही. त्याच ग्रंथात भास्कराचार्यांनी व्यवहारातील झटपट गणितासाठी १२० त्रिज्येच्या लघुज्याही दिल्या आहेत. दहा दहा अंशांच्या अंतराने २१, ४१, ६०, ७७ अशा त्या चढत जातात. करणग्रंथ हाताशी घेऊन बसणाऱ्या गणकाला त्या पुरेशा होत्या. परंतु १२० त्रिज्येच्या वर्तुळात दहा अंशांचा कंस सुमारे २०.९४ भागांचा भरतो. तेथे दहा आणि एकवीस यांचे नाते कोष्टकानेच सांगावे लागते, विचाराने ते सुचत नाही. तात्कालिक गतीचा विचार भास्कराचार्यांनी मोठ्या त्रिज्येत केला, आणि मला त्यांच्या या निवडीत आपल्या आजच्या वादाचा पूर्ण निर्णय दिसतो : हाताच्या कामाला सोयीची वाटणी, आणि सिद्धान्ताला त्रिज्येचे माप.

पुढे चौदाव्या शतकात केरळातील संगमग्रामच्या माधवाने ज्येची जी अनंत श्रेणी दिली, तिच्यात कंसाच्या वर्गाला त्रिज्येच्या वर्गाने भागत भागत पुढे जावयाचे असते. हा भागाकार सार्थ होण्याची अट एकच, की कंस आणि त्रिज्या एका मापाची असावीत. माधवाची त्रिज्या ३,४३७ कला ४४ विकला ४८ प्रतिविकला इतकी सूक्ष्म आहे. आजच्या रेडियनशी ती विकलेपर्यंत तंतोतंत जुळते. न्यूटनच्या सुमारे तीन शतके आधीची ही श्रेणी १८३४ मध्ये चार्ल्स व्हिश यांच्या निबंधाने यूरोपपुढे आली. ज्यांना स्वदेशी गणिताचा अभिमान आहे त्यांनी रेडियनला विरोध करताना आपण आर्यभट, भास्कर आणि माधव यांच्या कामगिरीतील सर्वांत सूक्ष्म भागच नाकारीत आहोत याचा विचार करावा. त्यांनी अंश-कला वापरल्या हे खरे. पण वापरताना त्रिज्याही त्याच कलांत मोजली, आणि सारे रहस्य त्या दुसऱ्या अर्ध्या भागात आहे.

व्यवहाराच्या कलमाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. मोजणीदाराच्या थिओडोलाइटवर अंश-कला-विकलाच कोरलेल्या असतात आणि त्या तशाच असाव्यात. समुद्रावरील मैलसुद्धा अक्षांशाच्या एका कलेवरून आलेला आहे आणि १,८५२ मीटरचा तो मैल नाविकांच्या फार उपयोगी पडतो. पण एका विकलेची चूक एक किलोमीटरवर किती अंतराची होईल हे मोजणीदाराला जेव्हा जाणावयाचे असते तेव्हा तो २,०६,२६५ ने भागतो आणि सुमारे पावणेपाच मिलिमीटर असे उत्तर मिळवितो. २,०६,२६५ ही एका रेडियनमधील विकलांची संख्या आहे. खगोलशास्त्रज्ञांचा पार्सेक म्हणजे सूर्य-पृथ्वी अंतराची २,०६,२६५ पट, त्याच कारणाने. तोफखान्याचे सैनिक ज्या मिलने नेम धरतात तो रेडियनचा सहस्रांश आहे, सोयीसाठी किंचित बदललेला. वर्तुळात खरे मिल ६,२८३ बसतात, आणि नाटोच्या सैन्यांनी वाटणीला बरे म्हणून ६,४०० धरले. एक किलोमीटरवर एक मिल म्हणजे जवळजवळ एक मीटर, हा त्याचा उपयोग. आणि आज ज्या संगणकांवर अभियंत्यांचे सगळे गणित चालते, त्यांच्या बहुतेक सर्व आज्ञाभाषांतून साइनच्या फलनाला कोन रेडियनमध्येच द्यावा लागतो. व्यवहाराचा दाखला द्यावयाचाच असेल तर तो पूर्ण द्यावा.

रेडियनला एककच नाही, मीटर भागिले मीटर ही कसली मोजणी, असाही एक उपआक्षेप घेतला जातो. आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीने १९६० मध्ये रेडियनला पूरक एककांच्या वेगळ्या वर्गात ठेवले होते आणि १९९५ मध्ये तो वर्ग मोडून त्याला साधित एककांत घेतले. पूरक म्हणावे की साधित यावर तज्ज्ञांचा बराच खल झाला. परंतु शुद्ध संख्या असणे हे या मापाचे न्यून नसून तेच त्याचे बळ आहे, कारण कोनाचा वर्ग, घन आणि पाचवा घात यांची बेरीज-वजाबाकी करता येते ती त्यामुळेच.

आता कबुलीचा भाग. फिर्यादीमागचे दुःख खरे आहे. बहुसंख्य वर्गांतून रेडियन पहिल्या दिवशी ‘पाय रेडियन बरोबर १८० अंश’ या सूत्राच्या रूपाने येते, दुसऱ्या दिवशी रूपांतराची वीस उदाहरणे सोडवून घेतली जातात, आणि तिसऱ्या दिवशी प्रकरण संपते. त्यात कंस नाही, त्रिज्या नाही, कोनासमोर कंस का मोजावा याचे कारण नाही. ज्या मुलाला रेडियन असे भेटले त्याने ते कोसाच्या शेजारचा मैल समजावे यात त्याचा काहीही अपराध नाही, आणि त्याच्या पालकांनी ते काढून टाका म्हणावे यातही नाही. त्याचप्रमाणे जे उत्साही गणिती अंशांना जुनाट ठरवून शाळेतून हद्दपार करू पाहतात त्यांच्याशीही मी सहमत नाही. कोनमापक, होकायंत्र आणि नकाशा यांना अंशच शोभतात, आणि सहावीतल्या मुलाला काटकोन अपरिमेय संख्येने शिकविणे हे निर्दयपणाचे होईल.

म्हणून पाठ्यपुस्तके रचणाऱ्यांना आणि शिक्षकांना माझी आग्रहाची विनंती आहे. दहावीच्या महत्त्वमापनात वर्तुळकंस येतो तेथेच, कोणतेही नवे नाव न देता, मुलांना एक दोरा घेऊ द्यावा, तो त्रिज्येइतका कापू द्यावा आणि परिघावर एकापुढे एक लावू द्यावा. सहा वेळा पूर्ण लागून थोडा परिघ उरतो हे त्यांनी आपल्या हातांनी पाहावे, आणि लहान-मोठ्या सर्व वर्तुळांत एका दोऱ्यासमोर येणारा कोन तोच असतो हे कोनमापकाने पडताळावे. अकरावीत त्या कोनाला नाव द्यावे, आर्यभटाची ३,४३८ कलांची त्रिज्या त्याच पानावर दाखवावी, आणि ‘पाय रेडियन बरोबर १८० अंश’ हे सूत्र त्यानंतरच लिहावे.